घरांतला समुद्र कोणत्या भिंतीशीं ठेवावा?

अगस्ति ऋषींनीं समुद्र एका आचमनांत प्राशन केला, ही कथा आपल्या घराघरांतून मुलांना अजूनहि सांगितली जाते. आजच्या हौशी गृहस्थाची महत्त्वाकांक्षा त्या मानानें लहान आहे; समुद्राचा ओंजळभर अंश कांचेच्या टांकींत घालून तो दिवाणखान्यांत मांडावा, एवढीच त्याची इच्छा असते. गोड्या पाण्यांतील गप्पी व गोल्डफिश पाळतां पाळतां घरांतील तरुण मंडळींची दृष्टि हळूहळू खाऱ्या पाण्याकडे वळते. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला इवलासा क्लाउन मासा मुलांच्या मनांत भरतो, आणि एके दिवशीं घरांत वाटाघाटी सुरू होतात. मासे कोणते आणावे, वाळू कोणती घालावी, दिवा कसा असावा, याविषयीं सर्वांचीं मतें तयार असतात. टांकी कोठें ठेवावयाची हा प्रश्न मात्र बहुधा शेवटीं निघतो, आणि ‘तेथें फ्रीजशेजारीं जागा रिकामी आहे, शिवाय प्लगहि जवळ आहे,’ असें म्हणून एका वाक्यांत तो निकालांत काढला जातो.

आमच्या मतें हा क्रम अगदीं उलटा आहे. वाळू पसंत न पडली तर ती बदलतां येते. मासाहि कोणास देऊन टाकतां येतो. परंतु भरलेली टांकी हलवितां येत नाहीं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशा मध्यम टांकींत सुमारें पावणेदोनशें लिटर पाणी मावतें. खाऱ्या पाण्याचा एक लिटर एक किलोहून किंचित् अधिक भरतो. त्यांत कांच, वाळू व दगड यांचें वजन मिळविलें म्हणजे हा बोजा सव्वादोनशें किलोंच्याहि पुढें जातो. म्हणून जी भिंत पहिल्या दिवशीं निवडली तीच कायमची, असें समजून चालावें. त्या भिंतीवर काय आहे, तिच्यालगत काय आहे आणि तिच्या पलीकडे काय आहे, यावर माशांचें आयुष्य तर अवलंबून असतेंच. परंतु ज्यांचे हात त्या पाण्यांत जावयाचे त्या घरच्या माणसांचे प्राणहि अवलंबून असतात. मीठ, ऊब आणि वीज हीं तिन्ही घरांत नित्य नांदणारीं आहेत. वेगवेगळीं असतांना तीं उपकारक असतात. एका कोपऱ्यांत आणून बसविलीं म्हणजे त्यांचें जमत नाहीं. तें कां जमत नाहीं, हें सुशिक्षित कुटुंबांतील सर्वांनीं नीट समजून घ्यावें, यासाठीं हा लेख.

ऊब: थोडी हवी, फार नको

घरांत खारें पाणी ठेवून त्यांत जीव जगविण्याचा आधुनिक छंद फार जुना नाहीं. १८३२ सालीं झान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच विदुषीनें सिसिली बेटावर मेसिना येथें समुद्रजीवांच्या अभ्यासासाठीं कांचेच्या टांक्या वापरल्या. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांतील मत्स्यगृह लोकांस खुलें झालें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथानें ‘अक्वेरियम’ हा शब्द व त्याचें वेड इंग्लंडांत घरोघर पोंचविलें. त्या काळीं टांकींतलें पाणी गरम ठेवावयाचें झाल्यास तिच्या धातूच्या वा पाटीच्या दगडाच्या तळाखालीं ज्योत पेटवीत. पाण्याशेजारीं अग्नि ठेवण्याची ही चाल आतां गेली; तिची जागा विजेच्या हीटरनें घेतली. परंतु प्रश्न तोच राहिला. ऊब द्यावयाची किती, आणि ती वाढूं लागली तर आवरावयाची कशी?

प्रवाळांच्या रांगांतून राहणाऱ्या माशांना साधारणतः २४ ते २७ अंश सेल्सिअस इतकी ऊब मानवते. समुद्र अफाट असल्यामुळें सावकाश तापतो व सावकाश निवतो. तेथील प्राण्यांना एका दिवसांत पांच अंशांचा चढउतार सोसण्याची संवयच नसते. नेहमींच्या उन्हाळ्यापेक्षां एखादा अंश अधिक तापलेलें पाणी कांहीं आठवडे टिकलें, तर प्रवाळ आपल्या अंगांत राहणारीं व आपणांस अन्न पुरविणारीं सूक्ष्म शेवाळें बाहेर टाकतें व पांढरें पडतें. आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षीं हा प्रसंग आला. प्रत्यक्ष समुद्राची जेथें ही स्थिति, तेथें पावणेदोनशें लिटरांची काय कथा!

एक साधा हिशेब पाहूं. आमच्या वरील मध्यम टांकींतील पाणी एक अंशानें तापविण्यास २०० वॉटच्या हीटरला सुमारें एक तास लागतो. हीटरच्या आंतील आपोआप बंद होणारी कळ बिघडून चिकटून राहिली, तर बाहेर जाणारी उष्णता हिशेबांत न धरतां, पाणी ताशीं एक अंशानें चढत जाईल. रात्रीं दहाला घर निजलें आणि सकाळीं सहाला जागें झालें, तर मधले आठ तास कोणाचें लक्ष नाहीं. म्हणून जाणते लोक एका मोठ्या हीटरऐवजीं दोन लहान हीटर ठेवतात. एक चिकटला तरी तो एकटा पाणी फार तापवूं शकत नाहीं, आणि एक बंद पडला तरी दुसरा थोडाफार सांभाळून घेतो. मुंबईकरांना तर हीटरची गरज वर्षांतून फार थोडे दिवस भासते. पुण्यानाशिकाकडे मार्गशीर्ष-पौषांतल्या रात्रीं मात्र त्यावांचून चालत नाहीं.

आपल्या देशांत खरी चिंता थंडीची नसून उन्हाळ्याची आहे. पाणी जितकें तापतें तितका त्यांत प्राणवायु कमी विरघळतो. २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्याच्या एका लिटरांत सुमारें ६.८ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. ३० अंशांवर तो ६.२ पर्यंत उतरतो. त्याच २५ अंशांच्या गोड्या पाण्यांत तो सव्वाआठ मिलिग्रॅम असतो, म्हणजे खाऱ्या पाण्यांतल्या माशाची शिदोरी मुळांतच लहान. त्यांतून उष्णतेनें त्याच्या देहाचे व्यापार जलद होतात व त्याची प्राणवायूची भूक वाढते. शिदोरी घटावी आणि भूक वाढावी, असा हा दुहेरी पेंच आहे. आणि टांकीशीं जोडलेला प्रत्येक पंप व प्रत्येक दिवा आपल्या परीनें पाण्याला ऊब देतच असतो, हें विसरतां कामा नये.

यावर एक सोपा व स्वस्त उपाय आहे: पाण्याच्या पृष्ठभागावरून लहान पंख्याचा वारा सोडावा. एक लिटर पाण्याची वाफ होतांना ती जितकी उष्णता घेऊन जाते, तितकीनें आपली टांकी तीन अंशांहून अधिक निवूं शकते. माठांतलें पाणी ज्या न्यायानें गार होतें तोच हा न्याय. परंतु माठ जसा पावसाळ्यांत फारसा गार करीत नाहीं, तसा हा पंखाहि दमट हवेंत मंदावतो. शिवाय वाफ होते ती निव्वळ पाण्याची. मीठ मागें राहतें. समुद्राच्या दर किलो पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. शंभर लिटरांतून दहा लिटर उडून गेले तर उरलेलें पाणी जवळजवळ ३९ ग्रॅमांवर जाईल. म्हणून उडालेल्या पाण्याची भरती नेहमीं शुद्ध गोड्या पाण्यानें करावी, मिठाच्या पाण्यानें नव्हे. नवशिक्याला हें उलटें वाटतें. पण ज्या गृहिणीनें आटलेल्या आमटींत पुन्हां पाणी घातलें आहे, तिला तें सांगावें लागत नाहीं.

मीठ आणि वीज

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. नळाच्या साध्या पाण्याच्या मानानें समुद्राचें पाणी विजेला सुमारें शंभरपट मोकळी वाट देतें. गोड्या पाण्याच्या टांकीजवळ जी हयगय कदाचित् निभावून जाते, ती खाऱ्या पाण्याजवळ निभत नाहीं. पुन्हां, हें पाणी टांकींत स्वस्थ बसत नाहीं. पंपामुळें बुडबुडे फुटतात, त्यांचे बारीक तुषार कांठावर, झांकणावर व वायरींवर बसतात, पाणी वाळतें आणि मिठाची पांढरी खपली राहते. या खपलींतून नवें पाणी पुढें झिरपतें, तेंहि वाळतें, आणि मीठ बोटाबोटानें वायरीवरून चालूं लागतें. महिन्या दोन महिन्यांत तें पार प्लगपर्यंत येऊन पोंचतें.

उन्हाळ्यांत ही खपली कोरडी असते व तिचें कोणास भय वाटत नाहीं. परंतु आषाढांत स्वयंपाकघरांतल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतें, हें आपल्या घरांतील प्रत्येक स्त्रीस ठाऊक आहे. तेंच पाणी प्लगावरच्या खपलीलाहि सुटतें. वैशाखांत जी केवळ पांढरी भुकटी होती ती आषाढांत विजेची वाट बनते. घरांत कोणीं कांहीं सांडलें नाहीं, टांकी गळली नाहीं, तरीहि प्लग तडतडूं लागतो, काळा पडतो, क्वचित् पेटतो. किनाऱ्याजवळच्या दमट हवेंत खाऱ्या टांकीच्या विजेची तपासणी मृगापूर्वींच करावी, असें आम्ही सांगतों तें याकरितां.

दुसरा धोका याहून गुप्त आहे. पाण्यांत बुडालेल्या हीटरच्या नळीला केसासारखी चीर गेली, किंवा पंपाच्या वायरीचें आवरण झिजलें, तर आंतली वीज पाण्यांत उतरते. मासे मात्र पूर्ववत् हिंडत असतात, कारण विजेला त्यांच्या देहांतून जमिनीकडे जाण्यास वाट नसते; उघड्या तारेवर चिमणी जशी निर्धास्त बसते तसेंच हें. म्हणून ‘मासे मजेंत आहेत, अर्थीं सर्व ठीक आहे,’ हें अनुमान खोटें. ज्या क्षणीं कोणी माणूस त्या पाण्यांत हात घालतो त्या क्षणीं वाट पुरी होते: हातांतून छातींत, छातींतून पायांत, आणि पायांतून फरशींत. आपल्या घरांत वहाणा दाराबाहेर ठेवण्याची रीत आहे, म्हणजे पाय अनवाणी. पाणी बदलण्याच्या दिवशीं फरशीहि ओली. हात घालणारें कधीं बारा वर्षांचें मूल असतें, कधीं शिंपला सरळ करून ठेवणारी आजी, तर कधीं टांकीखालची फरशी पुसतां पुसतां ओल्या हातानें प्लग सरकविणारी मोलकरीण. तिला तर या शास्त्रांतलें कोणीं कांहींच सांगितलेलें नसतें.

येथें कोणी म्हणेल, ‘आमच्या घरीं एम्. सी. बी. आहे, बिघाड होतांच ती वीज तोडील.’ हा गैरसमज घातक आहे. ती कळ वायरींच्या रक्षणासाठीं असते, माणसांच्या नव्हे. ती अनेक अँपिअरांचा भार झाल्याखेरीज जागची हलत नाहीं. उलट, सुमारें दहा मिलिअँपिअर, म्हणजे शंभर वॉटच्या जुन्या दिव्याला लागणाऱ्या विजेचा चाळिसावा हिस्सा, देहांतून वाहिला तर स्नायु आंवळतात व धरलेली वस्तु सोडवत नाहीं. त्याच्या कांहीं पट प्रवाह हृदयाचा ताल बिघडविण्यास पुरतो. एवढ्याशा चोरीची एम्. सी. बी.ला वार्ताहि लागत नाहीं.

ही चोरी पकडणारें साधन निराळें आहे, त्यास आर्. सी. सी. बी. म्हणतात. चोख कारकून जसा जावक-आवक ताडून पाहतो, तशी ही कळ एका तारेनें गेलेली वीज व दुसऱ्या तारेनें परतलेली वीज सारखी तोलीत असते. ३० मिलिअँपिअरची तूट दिसली कीं कोठेंतरी वीज भलत्या वाटेनें जात आहे असें समजून ती ०.३ सेकंदाच्या आंत पुरवठा तोडते. खाऱ्या पाण्याची टांकी ज्या जोडणीवर असेल तीवर ३० मिलिअँपिअरची आर्. सी. सी. बी. आणि चांगलें अर्थिंग हीं असलींच पाहिजेत. हीं नसतील तर टांकी आणूं नये, इतकें स्पष्ट आम्ही लिहितों. तिच्यावर चांचणीचें बटण असतें, तें महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. बटण दाबूनहि वीज गेली नाहीं तर ती कळ निकामी समजावी व जाणत्या वायरमनकडून बदलून घ्यावी.

घराची एक फेरी

इतकें ध्यानांत घेतल्यावर टांकीसाठीं भिंत शोधण्यास निघूं.

स्वयंपाकघर प्रथमच बाद करावें. शेगडीची आंच हें एक कारण; परंतु फोडणीचा धूर हें त्याहून मोठें. तेलाचे सूक्ष्म कण पाण्यावर बसून तवंग धरतात आणि हवा-पाण्याची देवघेव अडवितात. शिवाय जळत्या गॅसनें बंद खोलींतील कर्बवायु वाढतो; तो पाण्यांत विरघळला म्हणजे समुद्राच्या पाण्याचा स्वाभाविक अल्कधर्म उतरतो, आणि शंख-शिंपल्यांस आपलें कवच बांधणें जड जातें.

फ्रीजशेजारची जागा सर्वांस सोयीची वाटते. परंतु फ्रीज आंतली उष्णता पाठीमागून वा कुशींतून बाहेर टाकीत असतो, त्याचें यंत्र दिवसरात्र थरथरतें, आणि त्याच्या पत्र्यावर खारे तुषार बसले तर तो गंजतो. म्हणजे येथें दोघांचेंहि नुकसान. टेलिव्हिजनखालीं वा त्याच्या शेजारीं टांकी मांडण्याची हौस अशीच आवरावी. इन्व्हर्टर व त्याची बॅटरी जेथें असेल तो कोपरा तर अजिबात वर्ज्य. धातूचीं टोंकें, विजेचा सांठा आणि खारट दमट हवा यांचा शेजार कधींहि बरा नव्हे.

स्नानगृहाची सामायिक भिंत निरुपद्रवी वाटते. पण तिच्यांतून गीझरची वायर व गरम पाण्याचा नळ गेलेला असतो. वायरमनला विचारल्याविना त्या भिंतीला टांकी लावूं नये. गीझरचें कोमट पाणी टांकींत ओतण्याचा मोहहि टाळावा. गीझरांत बहुधा तांब्याचा अंश असतो, आणि तांबें हें झिंगे, गोगलगायी व प्रवाळ यांस विषासमान आहे. आपल्याकडे तांब्याच्या भांड्यांतलें पाणी पवित्र व आरोग्यदायक मानतात. म्हणून वडीलधारें माणूस मोठ्या मायेनें तांब्याच्या कळशींतलें पाणी टांकींत घालील, तर त्यांस आधींच आदरपूर्वक सांगून ठेवावें. समुद्राच्या प्राण्यांचें पथ्य निराळें असतें, एवढेंच.

पश्चिमेची भिंत उन्हाळ्यांत दुपारनंतर तव्यासारखी तापते. खिडकीसमोर ऊन पडून पाणी शेवाळतें. वातानुकूलन यंत्राचा झोत थेट टांकीवर येत असेल तर पाणी भराभर उडतें, आणि यंत्र रात्रीं चालूं व दिवसां बंद असल्यानें चढउतार होत राहतो. देवघराजवळ उदबत्ती व कापूर यांचा धूर. तेथूनहि टांकी चार हात दूर असावी.

एक लहानशी वस्तु मात्र कोणाच्याच मनांत येत नाहीं: डांस घालविण्याचें, प्लगमध्यें खोंचावयाचें विजेचें यंत्र. त्याच्या आंतला तापणारा तुकडा जें औषध हवेंत सोडतो तें पायरेथ्रॉइड वर्गांतलें असतें. माणसास तें फारसें बाधत नसलें तरी मासे व झिंगे यांस तें अतिशय विषारी आहे. टांकीच्या हवेच्या पंपाशेजारच्या बोर्डावर हें यंत्र लावलें, तर पंप तें औषध ओढून सरळ पाण्यांत सोडतो. ज्या खोलींत टांकी तेथें हें यंत्र नको, मच्छरदाणी उत्तम.

मग उरतें काय? दिवाणखान्यांतील एखादी आंतली भिंत, जिच्यावर ऊन येत नाहीं, जिच्या पलीकडे चूल वा गीझर नाहीं, जिच्या पायथ्याशीं जमीन सपाट व भक्कम आहे, आणि जिच्यावरचा स्विचबोर्ड टांकीच्या मागें किंवा खालीं नसून बाजूला, पाण्याच्या पातळीहून उंच आहे. बहुतेक घरांत अशी एखादीच भिंत असते. ती सांपडली म्हणजे निम्में काम झालें.

झोल, सायफन आणि मेन स्विच

जागा मिळाल्यावर मांडणीच्या तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली म्हणजे वायरीचा झोल. टांकींतून निघालेली प्रत्येक वायर प्लगकडे सरळ न नेतां आधीं प्लगच्या खालपर्यंत सैल सोडावी व मग वर चढवावी. वायरीवरून ओघळणारा थेंब झोलाच्या तळाशीं येऊन खालीं पडतो. चढ चढून तो प्लगांत शिरूं शकत नाहीं. यास एक पैचा खर्च नाहीं. लांब वायरीचा जोडबोर्ड मात्र टांकीखालीं जमिनीवर कधींहि ठेवूं नये. तो भिंतीवर उंच ठोकावा.

दुसरी गोष्ट वीज जाण्याची. ज्यांनीं टांकीखालीं पाणी गाळण्याची दुसरी पेटी ठेवली आहे त्यांच्याकडे वीज जातांच पंप थांबतो, आणि वरचें पाणी परतीच्या नळींतून सायफनानें खालीं येऊं लागतें. खालच्या पेटींत तेवढी रिकामी जागा नसेल तर पाणी फरशीवर येतें, आणि अंधारांत तेथें अनवाणी पाऊल पडतें. म्हणून टांकी मांडतांच, मासे आणण्यापूर्वीं, पंप मुद्दाम बंद करून पाणी कोठवर चढतें तें पाहावें. पंप थांबल्यावर प्राणवायूचीहि टंचाई होते. त्यासाठीं वीज जातांच आपोआप चालूं होणारा, बॅटरीवरचा हवेचा लहान पंप जवळ असावा. आर्. सी. सी. बी.नें वीज तोडली असतांहि तोच उपयोगी पडतो. ‘कळ वारंवार पडते व मासे गुदमरतात’ म्हणून ती कळच काढून टाकणारे लोक असतात. त्यांनीं आधीं गळती कोठें आहे तें शोधावें. कळ आपलें काम करीत असते.

तिसरी गोष्ट आपल्या एका चांगल्या संवयीची. गणपतीस वा मे महिन्यांत सर्व कुटुंब गांवीं निघालें म्हणजे घरचे वडील शेवटीं मेन स्विच बंद करून कुलूप लावतात. टांकी असलेल्या घरांत ही संवय प्राणघातक ठरेल. टांकीची जोडणी स्वतंत्र करून तिच्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावावी, व मागें एका जबाबदार शेजाऱ्यास सांगून जावें.

याखेरीज एक नियम घरांतील लहानथोर सर्वांनीं पाळावा: बटण बंद करून प्लग काढल्यावांचून कोणीहि पाण्यांत हात घालूं नये. हीटर तर पाणी कमी करण्यापूर्वीं पंधरा मिनिटें बंद ठेवावा. तापलेला हीटर पाण्याबाहेर उघडा पडला कीं त्याची कांच तडकते, आणि वर सांगितलेला गुप्त धोका तेथेंच जन्मास येतो. एकत्र कुटुंबांत हात पुष्कळ, म्हणून टांकीची जबाबदारी कोणा एकाकडेच असावी. दहा जणांनीं मायेनें दहा वेळां खाऊं घातलें तर न खाल्लेलें अन्न कुजून पाण्यांत अमोनिया वाढतो, हा त्याचा आणखी एक लाभ.

परदेशीं असलेल्या आप्तांसाठीं

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकीं कित्येकांच्या घराला तळघर असतें, आणि टांकीसाठीं तें प्रशस्त वाटतें. परंतु घर तापविणारी भट्टी, पाणी तापविण्याचें मोठें पिंप आणि साऱ्या घराचा विजेचा मुख्य फलक हीं बहुधा त्याच तळघरांत असतात. तेथील विद्युत् नियमांप्रमाणें घरांतील मुख्य फलकासमोर तीन फूट खोल व अडीच फूट रुंद जागा मोकळी ठेवावी लागते. तेथें टांकी, तिचें मेज वा मिठाची बादली कांहींच चालत नाहीं. गॅसवर चालणारी भट्टी आपल्याभोंवतालची हवा ओढून जळत असेल तर खारट दमट हवेनें तिच्या अंतर्भागास व धुराड्याच्या पत्र्यास गंज चढण्याचें भय असतें, आणि गंजलेल्या धुराड्यांतून विषारी वायु घरांत येऊं शकतो. म्हणून मधें भिंत व दार हवें. हिवाळ्यांत भट्टीच्या कोरड्या उबेनें पाणी अधिक उडतें, आणि वादळांत वीज गेली तर तेंच तळघर भराभर निवतें. तिकडेहि पहिला प्रश्न भिंतीचाच आहे.

भिंत सांपडली नाहीं तर?

इतकें वाचून कोणी खट्टू झाला असेल तर आमचा इलाज नाहीं. परंतु हा छंद त्याज्य आहे असा आमचा अभिप्राय नव्हे. भिंत योग्य, कळ चांगली आणि घरांतील मंडळी समंजस असेल तर खाऱ्या पाण्याच्या टांकीसारखी पाठशाळा नाहीं. मात्र मासे आणतांना एक विवेक ठेवावा. गॉस यांच्या ग्रंथांनीं जें वेड पसरविलें त्यामुळें इंग्लंडच्या किनाऱ्यावरचीं खडकांतलीं डबकीं हौशी लोकांनीं ओरबाडून रिकामीं केलीं, अशी खंत खुद्द त्यांचे चिरंजीव एडमंड गॉस यांनीं १९०७ सालच्या आपल्या पुस्तकांत व्यक्त केली. आपल्या देशांत समुद्रघोडे व खडक बांधणारें प्रवाळ यांस २००१ सालीं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत स्थान मिळालें; तीं घरांत ठेवणें हा गुन्हा आहे. क्लाउन मासा मात्र बंदिस्त पाण्यांत वाढवितां येतो, आणि नव्या मुंबईंत ऐरोली येथेंहि असे मासे पैदा करण्याचा उपक्रम झाला आहे. समुद्रांतून ओढून आणलेल्या माशापेक्षां असा मासा घेणें सर्व दृष्टींनीं श्रेयस्कर.

आणि घराची फेरी पुरी करूनहि भिंत सांपडली नाहीं तर? तर गोड्या पाण्याची लहान टांकी ठेवावी. तिच्यांतहि वीज असते, म्हणून झोल व आर्. सी. सी. बी. तेथेंहि हवींच, परंतु मीठ नसतें, आणि तिघांपैकीं एक वजा झालें म्हणजे उरलेल्या दोघांना सांभाळणें पुष्कळ सोपें होतें. तेंहि जमण्यासारखें नसेल तर ओहोटीच्या वेळीं मुलांना घेऊन कोंकणांतल्या एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर जावें. खडकांच्या खळग्यांत तेथें हा सारा संसार मांडलेला असतो. त्याला पंप लागत नाहीं आणि हीटरहि लागत नाहीं. मुलांनीं पाहावें, बोट लावूं नये, आणि भरतीच्या आधीं घरीं परतावें.